चार जणांचं माप

प्रिय ढगळू,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटेल, बाबांनी हे कुणाकडून तरी लिहून घेतलंय. नाही रे, मीच लिहितोय. ओळी रेघ सोडून खाली घसरताहेत त्याचं कारण पुढे येईल, आत्ता त्यावर अडू नकोस. फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस आणि मेसेज लिहायला गेलो की माझ्या बोटांना भलतीच अक्षरं सापडतात, म्हणून शेवटी कागद घेतला. चौदा महिन्यांत मी तुला किती फोन केले ते मोजलं नाही, तू किती उचललेस ते मात्र पक्कं माहीत आहे. दर बुधवारी तू आईशी बोलतोस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असतो. तिला ते ठाऊक असतं. म्हणून ती तुझं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणते, "हो का, नव्या खोलीला दोन खिडक्या आहेत का?", "अरे देवा, सर्दी अजून गेली नाही का?" तुला वाटत असेल, आईला हल्ली कमी ऐकू येतं की काय. तिचे कान शाबूत आहेत. ते सगळं माझ्यासाठी चाललेलं असतं.

ढगळू म्हटलेलं तुला आवडत नाही हेही मला माहीत आहे. पण तुझं खरं नाव लिहिलं की शाळेच्या ऑर्डरचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं. हे नाव तुला मी दिलं नव्हतं, तुझ्या वर्गानं दिलं, आणि त्यांना ते सुचलं माझ्यामुळे. गावभरच्या पोरांचे गणवेश मी अंगाबरोबर शिवायचो आणि स्वतःच्या मुलाचा मात्र दोन मापं मोठा. वाढतं अंग आहे, दोन वर्षं चालेल, असा माझा हिशेब. बाह्या तुझ्या बोटांपर्यंत यायच्या, पट्टा आवळला की चड्डीला चुण्या पडायच्या. तो गणवेश तुला नीट बसायला लागायचा तोवर कोपरावर विरलेला असायचा. शिंप्याच्या पोराला बेतशीर कपडा कधी मिळालाच नाही, असं तुझी आई अजून ऐकवते.

आता तो दिवस. त्याबद्दल आधीच बोलून टाकतो, नाहीतर सगळं पत्र त्याच्याभोवती घिरट्या घालत राहील. शाळा सुरू व्हायच्या आधीचा हंगाम होता. तू रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करायचं तुझं काम सोडून आठ दिवस रजा काढून आलास आणि माझ्यासाठी बटणं लावायला बसलास. सकाळपासून जेवणापर्यंत बटणं, आणि जेवण झालं की मागच्या कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर मांडीवर लॅपटॉप. मधूनच मान वर करून दोऱ्यांच्या रॅककडे बघायचास. एकदा विचारलंस, "बाबा, बाटलीहिरवा मरूनच्या खाली का ठेवता?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या. "असतो तिथं," एवढंच म्हणालो. मला वाटलं, पोरगं कंटाळलंय, काहीतरी विचारायचं म्हणून विचारतंय.

सातव्या दिवशी शाळेचे दोन कारकून नमुने बघायला आले. त्यातल्या एकानं सहज विचारलं, चिरंजीव काय करतात? तुझ्या पडद्यावर तेव्हा मेंढ्याच मेंढ्या होत्या. मी म्हणालो, "हा? एकतीस वर्षांचा झाला, मेंढ्या वळतो." ते दोघं पोट धरून हसले. त्यांच्यापेक्षा मी जास्त हसलो. तू लॅपटॉप मिटलास, हातातल्या शर्टाची राहिलेली तीन बटणं लावलीस, दोरा दातानं तोडलास, शर्टाची घडी घालून माझ्यासमोर ठेवलीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलास. आईला मी सांगितलं की माझी जीभ घसरली. ती घसरली नव्हती, ढगळू. त्या दोघांनी हसावं असं मला त्या क्षणी वाटलं होतं. तो शर्ट मी अजून कुणाला दिलेला नाही.

तू गेलास आणि रविवारचा खेळही सोडलास. हा खेळ तूच घरात आणला होतास, ताई लांब राहायला गेली तेव्हा. रविवारी दुपारी चारला सगळ्यांनी आपापल्या घरून त्या ठोकळ्यांच्या जगात यायचं, काहीबाही बांधायचं आणि बांधता बांधता कानाला फोन लावून गप्पा मारायच्या. ताई तिथे उंचच उंच मनोरे बांधते. मामानं आयुष्यभर बस चालवली, तरी हौस फिटलेली नाही, तो तिथे रस्ते करतो, थांबे करतो आणि प्रत्येक थांब्याला पाटी लावतो. तुझ्या आईचं भोपळ्यांचं शेत आहे आणि कोंबड्या आहेत, त्यांची नावं मला पाठ झालीत. मी मात्र कधी खेळलो नाही. तिच्या मागच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचो आणि पान न उलटता सगळं ऐकायचो. ते जग ज्या भाड्याच्या संगणकावर चालतं, तो सर्व्हर, त्याचा पासवर्ड तू जाताना आईला पाठवलास. खाली एकच ओळ, "आता तुम्ही सांभाळा." वर्षभर तो आपला आपण चालला. मग गेल्या महिन्यात कंपनीचं पत्र आलं, की तुमचा जुना आकार आम्ही बंद करतोय, आठवड्याच्या आत नवा आकार निवडा. सोबत एक तक्ता. तुझ्या आईनं तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या. माप घेणं तुमचं काम."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. चौदा महिन्यांत या घरात तुझ्या कुठल्याही गोष्टीला हात लावायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चष्मा पुसला, मापवही काढली. तक्ता सोपा होता. सगळ्यात छोटा आकार चार खेळाडूंपर्यंत, पुढचा दहा, त्यापुढचा वीस आणि शेवटचा एवढा अवाढव्य की त्यापुढे आकडाच नव्हता. मी माणसं मोजली. आई एक, ताई दोन, मामा तीन. छातीच्या मापात दोन बोटं सोडतात तसं एक माणूस सोडलं, झाले चार. इतकं बेतशीर माप मला वर्षभरात सापडलं नव्हतं. सगळ्यात छोटा घेऊन टाकला. तुझा जुना आकार दहाचा होता हे बघून मी मनात म्हटलंही, की बघा, बापानं ढगळ शिवलं म्हणून रुसायचा आणि स्वतः काय करून ठेवलंय.

पहिल्याच रविवारी भंबेरी उडाली. मामाची गाडी पुलाच्या मधोमध थिजली. ताई दर दोन मिनिटांनी बाहेर फेकली जायची आणि परत येईपर्यंत तिच्या मनोऱ्यावरून खाली पडलेली असायची. आईनं भोपळा तोडला की तो हातात यायला एवढा वेळ लागायचा, की तोवर ती दुसरीकडे गेलेली असायची. कोंबड्या हवेत टांगल्यासारख्या उभ्या. अर्ध्या तासानं मामा म्हणाला, "दाजी, कुणाच्या अंगाचं कुणाला घातलंत हो?" बेचाळीस वर्षांत माझा कपडा उसवलाय, आटलाय, त्यावर शाई सांडलीय, पण माप चुकलं असं कुणी म्हटलं नव्हतं.

सोमवारी मी कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडे एक बाई होती, आवाजावरून ताईच्या वयाची. मी तावातावानं सांगितलं, की तुमच्या तक्त्यात चार लिहिलंय आणि आमची माणसं तीन. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, दहा मिनिटं काहीतरी तपासलं आणि मग म्हणाली, "काका, माणसं मोजू नका. जग केवढं झालंय ते बघा." तो चारचा आकडा म्हणे नव्याकोऱ्या, रिकाम्या जगासाठी असतो. माणसं जसजशी बांधत जातात, प्राणी पाळतात, यंत्रं चालू ठेवतात, तसतसं ते सगळं त्या संगणकाला एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. माणसं निघून गेली तरी काही गोष्टी मागे चालूच राहतात. तुमच्या जगात, ती म्हणाली, टेकडीच्या पलीकडे अशी एक जागा आहे. कुणीतरी ती कायम जागी ठेवलीय. तिथे दोनशेबारा मेंढ्या आहेत. त्यांची लोकर आपोआप कातरली जाते, नळ्यांतून वाहत जाते आणि निवडून वेगवेगळ्या पेट्यांत पडते. चौदा महिने एक क्षण न थांबता. सगळा भार तिथे जातोय. ती जागा काढलीत तर हाच छोटा आकार तुम्हाला आरामात पुरेल, नाहीतर मोठा घ्यावा लागेल.

मेंढ्या म्हटल्यावर मला कळलं, कुणाच्या ते. तिनं विचारलं, की ज्यांनी बांधलंय त्यांना एकदा विचारता का? मी म्हणालो, "तो आता येत नाही." ती म्हणाली, बरं, मी आजची एक प्रत काढून ठेवते, सात दिवस राहील, मग आपोआप पुसली जाईल. आणि मग ती जागा पुसायचा हुकूम तिनं मला एकेक अक्षर करून सांगितला आणि तुझ्या आईच्या लॅपटॉपवर मी एका बोटानं तो टाइप केला. तिच्या नाही, माझ्या बोटानं ते सगळं गेलं. माझ्या मास्तरांनी मला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. कापड ज्याचं त्याला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही, आणि दुसऱ्याच्या कटिंगच्या टेबलामागे बोलावल्याशिवाय जायचं नाही. तुलाही मी त्याच शिकवल्या. तू चार वर्षांचा असताना काउंटरच्या फळीपाशी येऊन उभा राहायचास, हातात मोडकी गाडी नाहीतर सोललेला गुडघा, आणि मी "ये आत" म्हणेपर्यंत एक पाऊल पुढे टाकायचा नाहीस. मी मात्र त्या दिवशी पहिली गोष्ट विसरलो. विसरलो म्हणणंही खोटंच. मला तुझ्या मेंढ्यांचा राग होता.

पुढचा रविवार लोण्यासारखा गेला. मामाच्या गाड्या धावल्या, भोपळे हातात आले, आणि मी खुर्चीत ताठ बसून वाट बघत होतो की कुणी माझ्या मापाची तारीफ करतंय का. ती झालीही. मामा म्हणाला, दाजींना उगाच बोललो. मग तोच आपला नवा रस्ता घेऊन टेकडीपलीकडे गेला आणि थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "अरे, इथलं दुकान कुठे गेलं? पाटी आहे, थांबा आहे, दुकान कुठाय?" मी म्हटलं, दुकान कसलं, मेंढ्या होत्या, मी काढायला लावल्या. ताई एवढंच म्हणाली की आईच्या फोनवर एक फोटो पाठवते, तो बघा. आईनं तो उघडला, फोन माझ्या हातात दिला आणि पाणी पिऊन येते म्हणून आत गेली.

ढगळू, मी तो फोटो किती वेळ बघत बसलो ते मला माहीत नाही. ठोकळ्यांनी बांधलेली लांबट खोली. दारातून शिरलं की डाव्या हाताला काउंटर, कारण मी डावखुरा. काउंटरला उचलायची फळी. मागे कटिंगचं टेबल, वर टांगलेली कात्री. आणि भिंतीला रॅक, चार ओळी, प्रत्येकीत चार रंग. जगातल्या कुठल्याही शिंप्याकडे पांढरा पहिला असतो. माझ्याकडे नेव्ही ब्लू पहिला, खालच्या ओळीत, डाव्या कोपरापाशी, कारण दिवसातून शंभरदा हात तिथे जातो. तुझ्याकडेही तिथेच. खाकी त्याच्या शेजारी. बाटलीहिरवा मरूनच्या खाली. आणि वरच्या ओळीत करडा आणि पांढरा एकमेकांच्या जागी. ती चूक आहे रे. एकदा रॅक झाडताना माझ्याकडून अदलाबदल झाली आणि उद्या नीट लावू म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. तू तीसुद्धा उतरवून घेतलीस. त्या जगात मेंढीला रंग दिला की तिची लोकरही त्याच रंगाची उगवते, असं ताईनं सांगितलं. सोळा रंगांच्या मेंढ्या, सोळा कप्पे, कुठलाही कप्पा कधी रिकामा पडू नये म्हणून ते सगळं यंत्र रात्रंदिवस चालू. माझा रॅक कधीच रिकामा दिसू नये अशी ती सोय होती. आणि मागच्या कोपऱ्यात एक बुटकं स्टूल.

ताई म्हणाली, हे तू माझ्या पासष्टाव्या वाढदिवसासाठी बांधत होतास. सगळ्यांना गुपचूप ठेवायला सांगितलं होतंस. त्या दिवसानंतर तू तिला एवढंच कळवलंस, की बाबांना सांगू नकोस, आणि कुणी सांगितलं नाही. मी चौदा महिने तुझ्या आईच्या मागे बसून पेपर धरत होतो आणि माझं दुकान टेकडीपलीकडे चालू होतं.

तो सहावा दिवस होता. तिन्हीसांजेला मी त्या मदतकक्षाच्या बाईला पुन्हा फोन केला. तिनं ओळखलं. म्हणाली, प्रत आहे, पण ती परत आणली तर सगळं जगच सोमवारच्या जागी जाईल, मधल्या दिवसांत बाकीच्यांनी जे केलं ते पुसलं जाईल. घरातल्यांना विचारा. या वेळी मी विचारलं, एकेकाला. ताईचे दोन मनोरे होते, तिनं वाक्यही पुरं करू दिलं नाही, हो म्हणाली. मामाचा आख्खा नवा पूल आणि तीन थांबे होते. तो म्हणाला, "दाजी, रस्त्याची कामं पुन्हा पुन्हाच करायची असतात." तुझ्या आईनं त्या आठवड्यात शेताला चारी बाजूंनी कुंपण घातलं होतं, रोज थोडं थोडं, गुडघ्यांना शेक घेता घेता. तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या परत आल्या. मी त्या बाईकडून मोजून घेतल्या. दोनशेबारा.

मग माप नव्यानं घेतलं, यावेळी शिंप्यासारखं. ती म्हणाली होती, सगळ्यात मोठा घेऊ नका, उगाच रिकामा पडून राहील. आठवडाभर थोड्या मोठ्या आकारावर चालवा, सगळे एकाच वेळी आत या, सगळी यंत्रं चालू ठेवा आणि सगळ्यात गर्दीच्या तासाला भाराचा काटा कुठवर जातो ते बघा. मी तिला म्हटलं, बाई, याला आमच्यात ट्रायल म्हणतात, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. अंगावर चढवून बघितल्याशिवाय मी कधी टीप मारली नाही आणि इथे नुसता तक्ता बघून कात्री चालवली. रविवारी चारला आम्ही सगळे आत गेलो. हो, मीसुद्धा. तुझ्या आईनं मला चालायला शिकवलं. मी दोनदा नदीत पडलो आणि तिची एक कोंबडी माझ्या हातून गेली, त्याबद्दल घरात अजून अबोला आहे. पण काटा मी नीट बघितला. आठ खुणांपैकी साडेसहापर्यंत गेला. वर दीडाची ढील, म्हणजे हात वर केला तरी काखेत ताणणार नाही. तोच आकार घेतलाय. मापवहीत पानही केलंय, वर लिहिलंय "जग", खाली तारीख.

एक गोष्ट त्या तासात मला उमगली, ती सांगतो. लहानपणी मी तुझं माप कधी घेतलंच नाही. दोन वर्षांनी जो मुलगा असेल त्याचे कपडे मी शिवत राहिलो, आणि जो समोर उभा असायचा तो त्यात बुडून जायचा. आणि मोठा झालास तेव्हा, त्या दोन कारकुनांसमोर, तुला इतकं आखूड कापलं. दोन्ही वेळेस समोर कोण आहे ते मी बघितलं नाही. मी चुकलो. हे तोंडानं सांगायला हवं होतं, पण तोंडानं जे केलं ते तू ऐकलंच आहेस, म्हणून हातानं लिहितोय.

आता या अक्षराचं. डाव्या हाताची दोन बोटं तीन महिन्यांपासून बधिर आहेत. डॉक्टर म्हणाले, मानेपासून आलेली शीर आहे, वयाचं आहे, फार काही होणार नाही. आईला मी हे तुला सांगू दिलं नाही, दया म्हणून तुझा फोन यायला नको होता. गेल्या महिन्यात कात्री सरकली आणि एका वर्गाचं सगळं कापड वाया गेलं. त्याच दिवशी मी ठरवलं. दुकान या महिन्याच्या अखेरीला बंद होतंय, ढगळू. यंत्रं गेली, टेबल गेलं, रॅक शनिवारी एक रोपवाटिकावाला कुंड्या मांडायला नेणार आहे. त्यानंतर नेव्ही ब्लू डाव्या कोपरापाशी असलेली जगात एकच जागा उरेल, ती तू बांधलेली. रविवारी मी तिथवर चालत गेलो. दार उघडंच होतं, काउंटरची फळीही वर केलेली होती. मी उंबऱ्याशी थांबलो. ताई म्हणाली, बाबा, जा ना आत, तुमच्यासाठीच आहे. मी नाही गेलो. कटिंगचं टेबल तुझं आहे आणि तू मला बोलावलेलं नाहीस. आयुष्यभर मला वाटायचं तू माझ्या दुकानात बसावंस, आणि आता हे पत्र लिहितोय ते हे विचारायला, की मी तुझ्या दुकानात बसलो तर चालेल का. आकार पाच जणांसकट मोजून घेतलाय. दर रविवारी चारला मी त्या दाराशी येऊन उभा राहीन, लहानपणी तू राहायचास तसा. तुला वाटेल तेव्हा ये, आणि वाटलं तर म्हण, ये आत.

तुझाच,
बाबा